पाचोडची पेटी आणि माझं लिनक्स

त्या वर्षी आईला पहिल्यांदाच स्टेजवर एकटीनं गायचं होतं. तोवर दर जयंतीच्या कार्यक्रमात ती मागच्या रांगेत उभी राहून टाळ्या वाजवायची आणि कोरस म्हणायची. या वेळचं गाणं तिचं स्वतःचं होतं, शब्दही तिचे आणि चालही तिची. ते तिनंच म्हणायचं, असं कॉलनीतल्या बायांनी एकमतानं ठरवून टाकलं. आई वरवर नको नको करत होती, पण निळ्या काठाची पांढरी साडी तिनं केव्हाच इस्त्री करून आणली होती.

पेटीवर मामा असणार होता. मामा म्हणजे आईचा थोरला भाऊ. पाचोडला राहतो, बाजाराच्या दिवशी शिलाई मशीन लावून बसतो आणि उरलेल्या वेळात पेटी वाजवतो. त्याच्या पेटीशिवाय आईला सूरच सापडत नाही. पण दुष्काळ ऐन भरात होता. गावात टँकर येईल तेव्हा पाणी, मामीचा पाय प्लास्टरमध्ये, आणि नेमका जयंतीच्या संध्याकाळी टँकर येणार असा निरोप. मामानं कळवून टाकलं, "मला नाय जमायचं."

मग आई बाजाराच्या दिवशी पाचोडला गेली आणि त्याची पेटी मोबाइलवर रेकॉर्ड करून आली. मामाच्या हातात एकदा पेटी आली की थांबणं त्याला माहीत नाही. आईच्या गाण्याची चाल वाजवून झाल्यावर त्यानं त्याला आठवतील तेवढी सगळी गाणी एका दमात वाजवली. थोरल्या भावाला थांब कसं म्हणायचं, म्हणून आईनंही रेकॉर्डिंग तसंच चालू ठेवलं. फाइल एवढी अगडबंब झाली की व्हॉट्सअॅपवरून जाईना. साउंडवाल्याचं मशीन फक्त पेनड्राइव्ह घेणारं.

"त्यात काय, मोबाइलमधून कॉम्प्युटरवर घ्यायची आणि तिथून पेनड्राइव्हवर," मी ऐटीत म्हणाले. मी घरी बसून टायपिंगची आणि भाषांतराची कामं करायचे. माझ्या जुन्या कॉम्प्युटरवर मी कॉम्प्युटर चालवायचं लिनक्स हे सॉफ्टवेअर टाकलं होतं आणि त्याचा मला फार अभिमान होता. ते फुकट आहे, ते सगळ्यांचं आहे, ते कुणाच्या बापाचं नाही, हे मी येईल त्याला ऐकवायचे. लोक चहा पिऊन निघून जायचे.

जयंतीच्या दुपारी मी आईच्या मोबाइलला केबल लावली. क्रांती चौकातल्या हातगाडीवरून घेतलेली ती केबल फक्त चार्जिंगच्या लायकीची निघाली. मोबाइल आनंदानं चार्ज होऊ लागला, कॉम्प्युटरला मात्र त्याचा पत्ताच नाही. जयंतीमुळं दुकानं बंद, चौकात मिरवणुकीची गर्दी. दुसरी केबल मिळणं शक्य नव्हतं.

"फुकटातलं हाय ना ते? मग असंच व्हायचं," आई दारातून म्हणाली.

माझं डोकं सणकलं. बिनवायरची सोय होतीच. दोन्हीकडं एक अॅप टाकायचं. मोबाइल आणि कॉम्प्युटर एकाच वायफायवर असले की एकमेकांना ओळखतात. मी टाकलं. कॉम्प्युटर म्हणाला, मोबाइल सापडत नाही. मोबाइल म्हणाला, कॉम्प्युटर सापडत नाही. दोघं माझ्या टेबलावर एकमेकांना खेटून बसलेले! मी अॅप काढून पुन्हा टाकलं, फायरवॉल उघडली, कुठल्या कुठल्या परदेशी लोकांचे सल्ले वाचून हुकूम टाइप केले, आणि शेवटी कीबोर्डलाच शिव्या घातल्या. बाहेर साउंडवाला चेकिंग करत होता. त्याच्या प्रत्येक "हॅलो हॅलो"ला मी घड्याळाकडं बघत होते.

आई आत आली. तिनं साडी नेसली होती. "नसेल होत तर राहू दे गं," ती म्हणाली. "मी आपली मागं उभी राहीन." हे ती इतकं सहज म्हणाली की मला रडूच आलं. तिला मागं उभं राहण्याची सवय होती, आणि मला त्या सवयीचा मनापासून राग होता.

काहीच सुचेना म्हणून मी राउटर बंद केला. चालू केला की सगळं ताळ्यावर येतं, हा आपला घरगुती उपाय. तेवढ्या वेळात मन रमवायला आईनं टेबलावरचा मोबाइल उचलला आणि लोणच्याचा व्हिडिओ लावला. राउटरचा एकही दिवा लागलेला नव्हता. व्हिडिओ झकास चालू होता.

"आई, तुझं नेट कुठून येतंय?"

"वरून," ती म्हणाली आणि तिनं व्हिडिओ बंद केला.

वर म्हणजे वरच्या मजल्यावरच्या काकू. मोबाइलच्या कोपऱ्यातली वायफायची खूण मी शंभरदा पाहिली होती. ते वायफाय कुणाचं, हे पाहायचं मला सुचलंच नव्हतं.

सगळी हकीकत बाहेर आली. कालपरवापर्यंत शेतं होती तिथं आमची कॉलनी उभी राहिली होती. इमारती भराभर वाढल्या, नळाचं पाणी काही वाढलं नाही. काकूंच्या वाट्याचं पाणी पुरत नसे. आमच्या अंगणातल्या बोअरला मात्र बोटभर धार टिकून होती. तीही आटेल या धास्तीनं मी घरात फर्मान काढलं होतं, बाहेर बादलीभरही द्यायचं नाही.

"तू झोपलेली असती तवा काकूला पाणी द्यायचे मी," आई म्हणाली. "ती म्हणाली, आक्का, तुम्हाला काय देऊ? म्हटलं, नेट दे. आपल्या घरच्या नेटवर काय बघाय लागले की तू लई खेकसती. माझं काम अडतं म्हणती."

"अगं पण आधी सांगायचं की!"

"तू कुठं इचारलं?"

मी राउटर चालू केला आणि तिचा मोबाइल आमच्या वायफायला जोडला. माझ्या बिचाऱ्या लिनक्सनं तत्काळ विचारलं, हा मोबाइल तुमचाच का? मी "हो" एवढ्या जोरात ओरडले की आई दचकली. फाइल यायला लागली. पेनड्राइव्ह घेऊन मी चप्पल न घालताच मांडवाकडं पळत सुटले.

आईचं नाव पुकारलं गेलं. ती माइकसमोर उभी राहिली, पेटी सुरू झाली, आणि आईनं हात वर करून साउंडवाल्याला थांबवलं. मला वाटलं, घाबरली. तिनं मोबाइल काढून मामाला फोन लावला, स्पीकर सुरू केला आणि तो माइकला चिकटवून धरला.

"दादा, भरलं का पाणी?"

"भरतोय, भरतोय! तुझं काय झालं?"

"ऐक. तुझीच पेटी हाय."

पेटी पुन्हा सुरू झाली. आई गायला लागली. आधी चाचरत, मग डोळे मिटून, मग अशी की मागच्या रांगेतल्या बाया कोरस म्हणायचंच विसरल्या. पहिलं कडवं संपतं न संपतं तोच साऱ्या मांडवात मामाचा आवाज घुमला.

"अय साउंडवाल्या! ती पेटी कमी कर रे. माझ्या बहिणीचा आवाज ऐकू येऊ दे!"