चेंडूकडे न पाहणारे मामा

अमेरिकन फुटबॉल हा खेळ पूर्णपणे समजलेला एकच माणूस मी आजवर पाहिला, आणि तो माणूस अमरावतीचा होता. तो लंबुळका चेंडू त्याने उभ्या आयुष्यात हातात धरला नव्हता, आणि असा काही खेळ असतो हेही त्याला पासष्टाव्या वर्षापर्यंत ठाऊक नव्हतं. हा माणूस म्हणजे माझ्या बायकोचे मामा. जमीन मोजणी खात्यात चौतीस वर्षं नोकरी करून ते निवृत्त झाले आणि काही वर्षांनी लेकीकडे अमेरिकेत, बॉस्टनजवळच्या श्रूजबरीला सहा महिन्यांसाठी आले. ऑगस्टअखेर आले, फेब्रुवारीत गेले, म्हणजे फुटबॉलचा मोसम जेवढा तेवढेच इथे राहिले. त्यांच्याबद्दल लिहायचं कधीपासून मनात आहे. पण त्यांच्याबद्दल लिहायचं तर थोडं माझ्याबद्दलही लिहावं लागतं, म्हणून टाळत आलो.

मामा अंगाने किरकोळ, आवाजाने त्याहून किरकोळ. डोक्यात माकडटोपी, अंगात जावयाचं जुनं स्कीइंगचं जाकीट, खिशात बडीशेपेची डबी. नजर मात्र अशी की वस्तू दिसली की तिची मापं आधी दिसायची आणि वस्तू नंतर. इंडियन ग्रोसरीत गेले आणि दुकानदाराला म्हणाले, तुमचं डाळीचं कपाट डावीकडे दोन इंच उतरलंय. दुकानदाराने हसून सोडून दिलं. पुढच्या आठवड्यात मसुरीची पोती घसरून खाली आली. लेकीच्या शेजारच्या अमेरिकन म्हाताऱ्याला त्यांनी अतिशय नम्रपणे सांगितलं की तुमचं कुंपण आमच्या हद्दीत अकरा इंच आलं आहे. लेकीने, म्हणजे आमच्या मेहुणीने, कपाळाला हात लावला. म्हाताऱ्याने मात्र घरातून कागद आणले, टेप आणला, दोघांनी मिळून मोजलं. अकरा इंच भरलं. दुसऱ्या दिवशी म्हाताऱ्याने ॲपल पाय आणून दिला आणि मामांनी त्याला परतफेड म्हणून शेवेचे लाडू दिले. कुंपण आजही तिथेच आहे. "हद्द माहीत असावी," मामा म्हणाले, "हलवायची घाई नसावी."

लेकीच्या घरी मुलांच्या अभ्यासापायी टीव्ही घेतलेला नव्हता, त्यामुळे मामा रविवारी दुपारी आमच्याकडे यायचे. आमच्याकडे फुटबॉल लागलेला असायचा, कारण तो पाहिल्याशिवाय ऑफिसातल्या लोकांशी बोलता येणार नाही अशी माझी समजूत होती. तीन वर्षं मी तो पाहत होतो. धिप्पाड माणसं एकमेकांवर आदळतात आणि मग जाहिराती लागतात, यापलीकडे मला काही कळलं नव्हतं. मामांनी पहिल्या रविवारी बडीशेप चघळत शांतपणे पाहिलं. या खेळात चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकायचं असतं. एकदा खेळाडू पुरते सरकले की नाही याबद्दल वाद झाला, आणि दोन माणसं चक्क साखळी घेऊन मैदानात धावत आली. मामा सोफ्यावरून उठून उभे राहिले. ज्या साखळीने त्यांनी अर्धा अमरावती जिल्हा मोजला होता ती लाखो लोकांसमोर ताणली जात होती, आणि ती माणसं काय सांगतात याकडे तेवढे धिप्पाड गडी मान खाली घालून पाहत होते. "जावईबापू," मामा म्हणाले, "हा खेळ चांगला आहे."

त्या दिवसापासून ते मॅच उभ्यानेच पाहू लागले. मोजणी बसून करत नाहीत, असं त्यांचं म्हणणं. टीव्हीचा आवाज बंद करायला लावायचे, कारण समालोचक मधे मधे बोलतो. आणि सगळ्यात विचित्र म्हणजे ते चेंडूकडे बघायचेच नाहीत. "चेंडू काय पाहायचा? तो जाईल तिथं जाईल. माणसं कुठं उभी आहेत ते पाहा." आलेखाच्या वहीत पेन्सिलने अकरा फुल्या इकडे, अकरा फुल्या तिकडे काढायचे आणि दर डावाला कोण कुठून कुठे सरकलं त्याच्या रेघा मारायचे. जो चेंडू हातात घेऊन कुणाला फेकायचा ते ठरवतो, तो क्वार्टरबॅक. आमच्या टीमचा क्वार्टरबॅक त्या वर्षी नवा, तेविशीचा होता, आणि मामांचा त्याच्यावर नातवासारखा जीव जडला. त्याला विचार करायला जेमतेम तीन सेकंद मिळतात. मामा हळू आवाजात मोजायचे. एक, दोन. "पाहा, पुढचा पाय टेकला, म्हणजे नीट जाईल." किंवा, "मागच्या पायावर गेला. आता उंच जाते." आणि चेंडू खरंच उंच जायचा. त्यांचं निदान एकच होतं: "पोरगं घाबरत नाही हो. घाई करून राहिलं. दोन वेगळे आजार आहेत."

आता माझा भाग.

ऑफिसात सोमवारी जेवणाच्या टेबलावर फक्त फुटबॉल चालायचा, आणि मी सॅलड ढवळत बसायचो. ऑक्टोबरातल्या एका सोमवारी माझा मॅनेजर म्हणाला, हा नवीन क्वार्टरबॅक भित्रा आहे. मी सहज म्हणालो, "भित्रा नाही, तो घाई करतो. त्याचा पाय बघ." मॅनेजर शेजारच्या वूस्टर गावचा, कॉलेजात स्वतः खेळलेला माणूस, त्याने काटा खाली ठेवला आणि म्हणाला, "पुढे बोल." मी पुढे बोललो. मामांचं सगळं बोललो. हे मला कुणी सांगितलं, तेवढं मात्र बोललो नाही. त्या दिवशी खरं तर लक्षातच आलं नाही, असं मी स्वतःला बरेच दिवस सांगत होतो. पण त्यानंतरच्या प्रत्येक सोमवारी लक्षात येत होतं. मी रविवारी मामांना मुद्दाम प्रश्न विचारायचो, ते आनंदाने वही उघडून समजवायचे. भाचीचा नवरा आपल्याकडून काही शिकतोय याचं त्यांना केवढं अप्रूप होतं. आणि दुसऱ्या दिवशी मी तेच टेबलावर वाढायचो. लोक मला 'कोच' म्हणू लागले. मॅनेजर माझ्या क्यूबिकलपाशी येऊन उभा राहू लागला. वर्षअखेरीस टीम लीडची जागा भरायची होती आणि माझं नाव पुढे होतं.

टीम प्लेऑफमध्ये गेली. हरलं की घरी, अशी ती मॅच. मॅनेजर म्हणाला, "कोचच्या घरी बघू सगळे." मी हो म्हणालो आणि मग लक्षात आलं. मामा येणार. उभे राहणार, आवाज बंद करायला सांगणार, वही काढणार. दहा मिनिटांत सगळ्यांना कळणार की कोच कोण. आणि खरं सांगायचं तर तेवढंच नव्हतं. ती माकडटोपीही मला त्या लोकांसमोर नको होती.

मी मामांना फोन केला. "मामा, आमचा टीव्ही बिघडलाय हो. या रविवारी काही जमणार नाही."

"अरे," ते म्हणाले, "आणि नेमका याच रविवारी?" थोडं थांबून म्हणाले, "तुम्ही मनाला लावून घेऊ नका, जावईबापू."

बायको ऐकत होती. मी तिच्याकडे पाहिलं नाही.

रविवारी पाच-सहा जण आले. चिप्स, पंख्याच्या आकाराचे पिझ्झा, आरडाओरडा. माझ्या त्या फोनच्या आधी, बुधवारीच, मामांनी मला सगळं समजावून ठेवलं होतं. समोरची टीम पाच-सहा माणसं थेट क्वार्टरबॅकवर सोडेल, मग त्यांच्या पाठीमागे जागा मोकळी होईल, तिथे छोटा पास टाकायचा. पहिला अर्धा खेळ अगदी तसाच झाला. मी सांगत होतो, लोक माझी पाठ थोपटत होते.

मध्यंतरात दारावर टकटक झाली. दार मॅनेजरनेच उघडलं. बाहेर मामा उभे होते. माकडटोपीवर बर्फ, जाकीट पोटाशी फुगलेलं. त्यांनी चेन उघडली आणि आतून उशीच्या अभ्र्यात गुंडाळलेला लॅपटॉप काढला. लेक आणि जावई एका वाढदिवसाला बॉस्टनला गेले होते. जाताना लेकीने वडिलांसाठी लॅपटॉपवर मॅच लावून दिली होती. पण जावईबापूंचा टीव्ही बिघडलेला, त्यांना मॅच दिसणार नाही, निदान दुसरा अर्धा तरी दिसावा म्हणून मामा मध्यंतराआधीच निघून तो छातीशी धरून बर्फातून चालत आले होते.

त्यांनी आत पाहिलं. भिंतीवर आमचा टीव्ही लख्ख चालू होता. दाराशी पाहुण्यांच्या बुटांचे जोड पडले होते. मी हातात पिझ्झाचा तुकडा घेऊन उभा होतो.

"नीट झाला वाटतं टीव्ही," मामा म्हणाले. "बरं झालं."

बायकोने त्यांना आत घेतलं, टोपी झटकली, चहा दिला. ते कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसले. हो, बसले. मॅच सुरू झाल्यावरही उठले नाहीत. लॅपटॉप अभ्र्यासकट मांडीवर होता आणि वही कुठे दिसत नव्हती.

शेवटची दोन मिनिटं उरली. आमची टीम चार गुणांनी मागे होती, चेंडू आमच्याकडे. समोर सहा माणसं दात ओठ खात अंगावर यायच्या पवित्र्यात उभी. मॅनेजर माझ्याकडे वळला, "कोच? आता?"

बुधवारी शिकलेलं सगळं संपलं होतं. मी मामांकडे पाहिलं. ते कपात बघत होते. मग मान वर न करता, चहाला सांगावं तसे मराठीत पुटपुटले, "सहा दाखवून राहिले, पण येतील चारच. दोघं मागे सरकतील. मधे टाकला तर गेला."

त्या क्षणी मला एक वाक्य बोलता आलं असतं. 'हे आमचे मामा सांगताहेत,' एवढंच. मी म्हणालो, "हा बनाव आहे. सहातले दोघं मागे जातील. त्याने मधे टाकू नये." इंग्रजीत, ठामपणे, माझं म्हणून.

क्वार्टरबॅकने घाई केली. मागच्या पायावरून, मधे. मागे सरकलेल्या दोघांपैकी एकाने चेंडू अलगद छातीशी घेतला आणि आमचा मोसम संपला. खोलीत सुतक पडलं. पण मॅनेजर टीव्हीकडे पाहत नव्हता, माझ्याकडे पाहत होता. "तुला हे दिसतं कसं?" तो म्हणाला, आणि मग मामांकडे वळून, "अंकल, तुमच्या या माणसाची नजर भारी आहे."

मामा उठले. कप सिंकमध्ये ठेवला. "येस," ते म्हणाले, "ही इज व्हेरी स्टुडियस."

मी म्हणालो, गाडीने सोडतो. ते म्हणाले, "घरात पाहुणे आहेत, तुम्ही बसा." दाराशी बूट घालताना फक्त एवढंच म्हणाले, "त्या पोराला आज फार वाईट वाटत असेल." आणि लॅपटॉप जाकिटात घालून निघाले. मी खिडकीतून वळणापर्यंत त्यांना पाहत राहिलो. गाडीची किल्ली माझ्याच खिशात होती.

सगळे गेल्यावर बायको भांडी विसळत म्हणाली, "सव्वा मैल आहे. बर्फातून." तेवढंच.

टीम लीडची जागा मला मिळाली. मामा महिन्याभरात परत गेले. मधल्या एका रविवारी ते आले तेव्हा मुलांशी खेळले, बायकोला झुणका करून घातला, माझ्याशी थंडीबद्दल बोलले. फुटबॉलचा विषय त्यांनी काढला नाही, मला काढवला नाही. एप्रिलमध्ये मी मॅनेजरला एकदा खरं सांगून टाकलं. त्याने कॉफी ढवळली. मग म्हणाला, "मला तेव्हाच कळलं होतं. तू बोलायच्या आधी त्यांच्याकडे पाहिलंस." म्हणजे त्या खोलीत आपलं काही लपलेलं आहे असं वाटणारा मी एकटाच होतो.

मामांना सांगायला मात्र पुढचा जानेवारी उजाडावा लागला. पुन्हा प्लेऑफ, तोच क्वार्टरबॅक. मी एकट्याने मॅच पाहिली, संपताच अमरावतीला फोन लावला. तिकडे पहाटेचे साडेचार. मामांची अंघोळ झालेली होती.

"मामा," मी म्हणालो, "गेल्या वर्षी आमचा टीव्ही बिघडला नव्हता."

पलीकडे पाण्याचा पंप चालू होता. मग ते म्हणाले, "हो. आलं होतं लक्षात."

"राग आला असेल तुम्हाला."

"राग नाही बाप्पा." त्यांनी पंप बंद केला. "येताना अंतर जाणवलं नाही. जाताना मात्र फार लांब वाटलं."

चौतीस वर्षांत त्यांच्या मोजणीत फरक पडल्याचं मी कधी ऐकलं नव्हतं. त्यांनी घाई केली नाही. मग बहुधा खुर्ची ओढून ते बसले, कारण आवाज जरा जवळून आला.

"बरं, सांगा आता. पोरगं कसं खेळलं?"

मी पहिल्या डावापासून सांगायला लागलो. कुठे कुठे अडखळत होतो, कोण कुठे उभा होता ते आठवत नव्हतं. तसा अडखळलो की ते नुसते "हं" म्हणायचे आणि मला आठवेपर्यंत थांबायचे. तिकडे उजाडेपर्यंत आम्ही बोलत होतो.