मोकळ्या जागेतला पास

हिम्मतराव ढगे चौदा वर्षांत पाच संघांकडून फुटबॉल खेळले आणि त्यांनी एकही गोल केला नाही. ही निंदा नव्हे. ते स्वतःच कुणी विचारलं नाही तरी हे सांगत. "गोल करणं हे पुढच्यांचं काम," ते म्हणत. "आपण राइट-हाफ. मधल्या फळीतले. चेंडू घ्यायचा, पुढं द्यायचा, आणि परत मागं पळायचं."

त्या काळी हैदराबादेत खेळाडूला खेळाचा पगार नसे, नोकरी असे. गिरणीच्या संघात होते तेव्हा हिम्मतराव कागदोपत्री जॉबर होते. छापखान्याच्या संघात गेले तेव्हा कंपोझिटर झाले. मधे काही महिने ते एका सरकारी बागेत माळीही होते, आणि त्या बागेतली झाडं त्यांच्याशिवाय उत्तम वाढली. शेवटी ते आमच्या कोठार खात्यात जमादार म्हणून आले, आणि आमचा संघ 'बी' डिव्हिजनचा असल्यामुळे तेही 'बी' डिव्हिजनचे राहिले. कुठल्याच संघाने त्यांना सोडताना डोळ्यांत पाणी आणलं नाही, आणि कुठल्याच संघाने घेताना हार घातला नाही.

आमच्याकडे मात्र त्यांना बसप्पा भेटला. बसप्पा रायचूरकडचा, राइट-आउट, म्हणजे उजव्या कडेनं धावणारा. हिम्मतरावांच्या पायात चेंडू आला की ते मान वर न करता उजव्या कोपऱ्याकडच्या मोकळ्या जागेत तो मारून मोकळे होत, आणि बसप्पा तिथं पोचलेला असे. न बघता कसं जमतं, असं मी एकदा विचारलं.

"त्यात बघायचं काय? जेवताना तोंड कुठं आहे ते बघता का तुम्ही?"

सहा वर्षं हे दोघे असे खेळले. बसप्पाला मराठी येत नव्हती, हिम्मतरावांना कन्नड येत नव्हती, आणि दखनी उर्दूत बोलायचं तर दोघांनाही फारसं काही बोलायचं नव्हतं.

छप्पन सालच्या पावसाळ्यात आमच्या संघानं 'बी' डिव्हिजन जिंकली. पुढच्या वर्षी 'ए' डिव्हिजन! गोलकीपर आणि कप्तान ख्वाजा मियाँ यांनी अख्ख्या खात्याला इराण्याच्या हॉटेलात चहा पाजला. चौतिसाव्या वर्षी हिम्मतराव वरच्या वर्गात गेले, आणि त्या दिवशी कचेरीतसुद्धा ते छाती काढून चालत होते. कचेरीत ते फार चालत नसत म्हणून आमच्या लक्षात आलं.

आणि नोव्हेंबरात हैदराबाद राज्य मोडलं. मराठी जिल्हे मुंबई राज्याला, कन्नड जिल्हे म्हैसूरला, उरलेला तेलंगण आंध्राबरोबर. दिल्लीत बसून राज्याचे तीन भाग करणाऱ्यांनी आमच्या संघाचा विचार केला नसावा. सेंटर-फॉरवर्ड परभणीला गेला, लेफ्ट-बॅक नांदेडला, आणि बसप्पा रायचूरला. निरोपाच्या दिवशी त्यानं हिम्मतरावांच्या खांद्यावर हात ठेवला, "अच्छा" म्हणाला आणि टांग्यात बसला.

हिम्मतरावांचं नाव औरंगाबादच्या वाट्याला होतं. त्यांची बायको गंगूबाई सरकारी मराठी शाळेत शिक्षिका, तिची बदली तर झालीच होती. मलकपेठच्या क्वार्टरमध्ये ट्रंका भरून तयार होत्या, आणि हिम्मतरावांनी साहेबांना सांगून आपलं नाव हैदराबादेतच ठेवून घेतलं. मी ट्रंकांना दोर बांधायला गेलो होतो, म्हणून पुढचं मला ऐकावं लागलं.

"वरच्या डिव्हिजनमध्ये खेळून काय मिळतं?" गंगूबाईंनी विचारलं.

"काही नाही."

"मग?"

"खेळायला मिळतं."

"अन् इतकी वर्षं काय करत होता?"

"ते खालचं होतं."

गंगूबाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी दोराच्या गाठीकडे पाहिलं.

"एकच सीझन, गंगू. मग अदलाबदलीनं येतो. तिकडचा कुणी इकडं यायला निघाला की त्याच्या जागी मी. शब्द देतो."

"सीझन म्हणजे किती, ते मला कळत नाही," त्या म्हणाल्या. "पोरगी रोज विचारणार. तिला काय ते तुम्हीच सांगून ठेवा."

त्या मुलीला घेऊन गेल्या. शेजारची मराठी बिऱ्हाडंही एकेक करून गेली. त्या ओळीत हिम्मतराव आणि पलीकडच्या गल्लीत मी, एवढंच मराठी उरलं. नवे शेजारी चांगले होते, पण त्यांची तेलुगू भरधाव आणि हिम्मतरावांची बैलगाडीतली. आठवडाभर ते कुणाशी धड बोलत नसत, आणि रविवारी माझ्याकडे येऊन साचलेलं सगळं एकदम बोलत. खिचडी खाली लागते ती कशानं, मुलीला आता कितीपर्यंत पाढे येत असतील, पहाटे रेसकोर्सवर घोडे पळवतात त्यांच्या टापांनी जाग येते ती मग परत झोप लागत नाही. मी उठून आत गेलो तरी ते बोलत. एकदा मी परत आलो तेव्हा ते माझ्या खुर्चीशी बोलत होते, आणि मला पाहून जरा नाराज झाले.

सत्तावन्नच्या पावसाळ्यात 'ए' डिव्हिजनचा पहिला सामना झाला. सुरुवातीलाच हिम्मतरावांकडे चेंडू आला. त्यांनी मान खाली ठेवून उजव्या कोपऱ्याकडे झकास पास दिला. चेंडू मोकळ्या जागेत गेला, तिथून रेषेबाहेर गेला, आणि एका शेंगदाणेवाल्याच्या टोपलीला लागून थांबला.

"अरे चाचा!" गर्दीतून कुणी ओरडलं. "उधर कौन खडा है? जिन्न है क्या?"

नवा राइट-आउट यादगिरी वीस पावलं मागं उभा होता. त्याला चेंडू पायातच लागे. आणून द्या, ठेवा, मग तो पळणार. हिम्मतरावांनी असे बरेच पास त्या जिन्नाला दिले. आम्ही सहा गोलांनी हरलो.

"मियाँ, ऊपर देखके मारो ना!" ख्वाजा मियाँ कळवळून म्हणाले.

"देखतूं मियाँ. पाँव नै सुनते."

सबंध सीझन हेच. हिम्मतराव मान वर करायला शिकले, पण मान वर करीपर्यंत समोरचा चेंडू घेऊन गेलेला असे. त्यांनी यादगिरीला सांगून पाहिलं, हातवारे केले, रेषेपाशी चुन्याची खूणसुद्धा केली. यादगिरी मान डोलवायचा आणि जिथल्या तिथं उभा राहायचा. शेवटचा सामना उरला तेव्हा आमचं पुन्हा 'बी'मध्ये जाणं पक्कं झालं होतं.

त्याच आठवड्यात अदलाबदलीचा माणूस आला. नरसय्या, औरंगाबादच्या कचेरीतला जमादार. त्याची म्हातारी आई एकटीच इकडं, हैदराबादजवळच्या कुकटपल्लीला. साहेबांनी दोघांना सोमवारपर्यंत हो की नाही ते सांगा म्हटलं होतं. नरसय्यानं हिम्मतरावांच्या क्वार्टरमध्येच मुक्काम केला, आणि पहिल्या दिवशीच आईची खाट कुठं टाकायची ते ठरवून टाकलं. "अम्मा इधर सोती. खिडकी है, अच्छा है." गंगूबाईंनी त्याच्याबरोबर चकल्या पाठवल्या होत्या. "बाई पूछे, ट्रंक भरे क्या बोलके," तो म्हणाला. हिम्मतरावांनी ट्रंक भरायला घेतली.

रविवारी नरसय्या आणि मी सामना बघायला गेलो. आमच्यावर चार गोल बसले होते, माणसं उठून जात होती. हिम्मतरावांकडे चेंडू आला, आणि दमले असतील म्हणून, मान न उचलता त्यांनी तो जुन्या सवयीनं मोकळ्या जागेत मारला. मी डोळे मिटले. उघडले तेव्हा यादगिरी तिथं होता. का गेला, ते त्याला नंतरही सांगता आलं नाही. त्यानं चेंडू मधे टाकला आणि कुणीतरी डोक्यानं आत ढकलला.

सगळे यादगिरीकडे धावले. हिम्मतराव मैदानाच्या मधोमध कमरेवर हात ठेवून उभे होते आणि उजव्या कोपऱ्याकडे बघत होते.

सोमवारी साहेबांना त्यांनी नाही म्हणून सांगितलं.

"काइकू?" नरसय्याचा आवाज चिरला. "वादा किए ना बाईकू?"

"एक सीझन और."

"नीचेके डिव्हिजन में?"

"हौ. वो लडका अभी अभी भागने लगा."

"और मेरी अम्मा?"

हिम्मतराव उठले. त्यांनी नरसय्याची पिशवी उचलली आणि काचीगुड्याच्या स्टेशनापर्यंत ती स्वतः वाहून नेली. मीही गेलो. नरसय्या आमच्या पुढं चालत होता. गाडी हलायला आली तेव्हा खिडकीतून म्हणाला, "बाईकू क्या बोलूं?"

हिम्मतरावांनी पिशवी खिडकीतून आत दिली. "बोलो, कल एक गोल हुआ."

"तुम मारे?"

"नै."

नरसय्यानं खिडकी खाली ओढली.

पुढच्या सीझनला यादगिरीला पोलिसांच्या मोठ्या संघानं उचललं. अदलाबदलीला दुसरा माणूस आला नाही, कारण तोवर ज्याला जिकडं जायचं होतं तो तिकडं गेला होता. हिम्मतराव 'बी'मध्ये आणखी तीन वर्षं खेळले आणि दिवाळीत, उन्हाळ्यात औरंगाबादला जात राहिले. गंगूबाई भांडल्या नाहीत. त्या त्यांना पाहुण्यासारखं पाट मांडून, आग्रह करून वाढू लागल्या. हे हिम्मतरावांनी एका रविवारी मला सांगितलं. त्या दिवशी त्यांच्याजवळ बोलायला तेवढंच होतं, आणि ते सांगून झाल्यावर मी आत गेलो नाही तरी ते गप्प बसून राहिले.