नळावरचं हसू
बहात्तरच्या दुष्काळानंतर आम्ही दोघी जावा करमाळ्याहून सोलापुरात राहायला आलो. शेजारी सगळी तेलुगू बोलणारी विणकर कुटुंबं. दोन महिन्यांतच धाकटी जाऊ नळावर त्या बायकांत बसून खळखळून हसू लागली. मी मात्र मुकाट्याने हंडा भरून परत यायचे आणि दिवसभर मनात जळायचे.

शेवटी एकदा भाकरी थापताना मी तिला विचारलं, "एवढं काय बोलता गं तुम्ही?"

"मला कुटं कळतंय, अक्का," ती म्हणाली. "त्या हसल्या की मी हसते. तुमी पण या की."

दुसऱ्या दिवशी मी गेले. एकीने सरकून मला जागा दिली, ते बरं वाटलं. पण बोलताना त्या बघत होत्या जावेकडेच, आणि ते मला पुढे कित्येक दिवस खुपत राहिलं.