शकुमावशीसाठी जपलेलं रीळ

पुसेगावात इनायतचाचांचं नाव निघालं की लोक अजून ‘तो सिनेमाचा खुळा’ म्हणतात आणि हसतात. मला त्याचा राग येतो. चाचा मुळात पत्र्याचं काम करणारे. कंदील, चाळण्या, पोरींच्या लग्नातल्या पेट्या. त्यांनी कथील लावून झाळलेल्या डब्यातून तेलाचा थेंब कधी गळला नाही. हसणाऱ्यांच्या घरात आजही त्यांच्याच हातचे डबे आहेत, पण गरज सरो वैद्य मरो.

विशीत ते एका फिरत्या तंबूच्या सिनेमाबरोबर निघून गेले होते. तिथं बत्ती सांभाळायची, मशीनचा दांडा फिरवायचा, पडद्याशेजारी उभं राहून मुक्या चित्रातल्या माणसांचं बोलणं आपण बोलायचं. मग बोलपट आले आणि असल्या तंबूंचे दिवस भरले. मालकानं निरोप देताना हातानं फिरवायचं मशीन आणि एक जुनाट कॅमेरा त्यांच्या गळ्यात बांधला. ते घेऊन चाचा गावात उतरले, ते १९३४ साल. फातिमाचाचींनी कॅमेऱ्याकडे पाहून विचारलं, “दांडा तर हाय. याच्यात पीठ दळतंय का?”

पीठ दळत नव्हतं. म्हणून चाचांनी सिनेमा काढायचं ठरवलं.

आम्ही तिघी होतो. चाचांची जैनब, उत्तमरावांची मुलगी मी मंजुळा, आणि आमच्या भिंतीला भिंत लागून राहणाऱ्या शकुमावशीची पेमा. तिघी आठ-नऊ वर्षांच्या. पोरीबाळींनी सिनेमात काम करणं तेव्हा चांगलं समजत नसत. पण माझे वडील कबूल झाले, कारण चित्रात आमचा ढवळ्या बैल होता. माझ्यापेक्षा बैलाचं चित्र निघणार याचाच त्यांना आनंद जास्त. शकुमावशी विधवा, गोधड्या शिवून पोट भरणारी. तिला पेमा एकुलती एक, आणि पेमानं एकदा मनात घेतलं की ब्रह्मदेवाचा बाप आला तरी तिला अडवू शकत नव्हता.

गोष्ट साधी होती. पोळ्याच्या आदल्या दिवशी बैल चोरीला जातो, मोठी माणसं नुसती आरडाओरडा करतात, आणि तीन पोरी खुरांचा माग काढत ओढ्याकाठच्या कपारीत पोचून चोर पकडतात. चोर स्वतः चाचा, बोकडाच्या केसांच्या मिशा लावून. त्या मिशा ढवळ्यानं एकदा चाटून काढल्या. उजेडासाठी घासलेटच्या डब्यांचे पत्रे राखेनं घासून लख्ख केले होते, ते धरून गावातले रिकामटेकडे उभे राहायचे. फिल्म म्हणजे कुठल्या कुठल्या कंपन्यांचे उरलेले तुकडे. चुकलं की चाचा कपाळाला हात लावायचे. “दुसऱ्यांदा न्हाई बेटी, फिल्म न्हाई.” पेमाचं कधी चुकलं नाही. ती मातीवर पालथी पडून खूर असा निरखायची की आम्हालाच वाटायचं, बैल खरंच चोरीला गेलाय.

रीळ मुंबईहून धुऊन आलं, ते जेमतेम पाव तासाचं. दोन कडुलिंबांच्या मधे धोतर ताणून चाचांनी ते दाखवलं. सगळा गाव लोटला, पण शकुमावशी आली नाही. पुरुषांच्या गर्दीत विधवा बाईनं कसं जायचं? शिवाय ती म्हणाली, “पोरगी घरातच हाय की. तिला धोतरावर काहून पाहू?”

पुढच्या वर्षी गावात पटकी आली. पेमाला सकाळी उलट्या सुरू झाल्या आणि दिवेलागणीपर्यंत ती गेली. आमच्याकडे तेव्हा फोटो कोण काढतंय? पेमाचा चेहरा उरला तो फक्त त्या रिळात.

महिनाभरानं चाचा शकुमावशीच्या उंबऱ्याशी गेले. मी आईबरोबर तिथंच बसले होते. “शकुबाई, तुमी म्हणाल तवा दाखवतो. घरातच. बाहेरचं कुनी न्हाई.”

मावशीनं हातातली गोधडी बाजूला ठेवली. मग म्हणाली, “न्हाई इनायतभाई. ती चालंल, पळंल, आन मी हाक मारली तर वळणार न्हाई. मला सोसायचं न्हाई ते.”

“मग राहू द्या. मी जपून ठेवतो. कवाबी सांगा.”

एवढंच बोलणं झालं, पण चाचांनी ते शब्द तेरा वर्षं पाळले. त्या दिवसापासून त्यांनी ते रीळ कुणालाही दाखवलं नाही. कळमनुरीच्या बाजारात लोक मागं लागायचे, हिंगोलीच्या एका व्यापाऱ्यानं तर माणूस पाठवला. चाचांचं उत्तर ठरलेलं होतं. “दाखवल्यानं रीळ झिजतंय. ते एकाच मानसासाठी हाय.” दर सहा महिन्यांनी ते सावलीत रीळ उकलायचे, वारा द्यायचे, मऊ फडक्यानं पुसून पुन्हा गुंडाळायचे. दुसरा सिनेमा त्यांनी काढला नाही. फिल्मचे तुकडे मिळेनात, आणि जैनबही लग्न होऊन औरंगाबादला गेली. चाचा डबे झाळत राहिले. लोकांनी त्यांना खुळा ठरवलं ते याच काळात.

मग अठ्ठेचाळीस साल उजाडलं. उन्हाळ्यात निजामाच्या रझाकारांच्या भीतीनं गावं रिकामी होऊ लागली. कनेरगावचा नाका ओलांडला की पलीकडे निजामाचा अंमल नव्हता, म्हणून लोक वाशिमकडे निघाले. शकुमावशीही भावाबरोबर गेली. मी तेव्हा बाळंतपणासाठी कळमनुरीहून माहेरी आले होते. रोज कुठल्या ना कुठल्या गावाला आग लागल्याचं कानावर यायचं. चाचा डबा छातीशी धरून आमच्याकडे आले. फिल्म बारुदीसारखी पेटते, ठिणगी पडली तर काही उरणार नाही, हेच त्यांच्या डोक्यात होतं.

तोडगा मी सुचवला. मीच. आमच्या अंगणात ज्वारीचं पेव होतं. जमिनीत दोन पुरुष खोल, आतून कडबा लावलेलं, तोंड मातीनं लिंपलेलं. त्या वर्षी गावातल्या निम्म्या लोकांनी तांब्या-पितळेची भांडी, दागिने, देव्हाऱ्यातले देवसुद्धा पेवांत पुरले होते. मी म्हटलं, “चाचा, पेवात ठेवा. तिथं आग पोचत न्हाई. ज्वारीला चार वर्षं कीड लागत न्हाई, डब्याला काय होतंय?” चाचांना ते बराबर वाटलं.

सप्टेंबरात फौजा आल्या, निजाम शरण गेला, आणि भीतीनं गल्ली बदलली. आता ती चाचांच्या गल्लीत आली. त्यांच्या दाराचं कुलूप तोडलं गेलं, कॅमेरा दगडावर आपटला गेला. कोणी आपटला ते मला माहीत आहे, आणि त्यांच्या घरातही चाचांनी केलेल्या पेट्या आहेत. चाचा-चाची बारा दिवस आमच्या गोठ्यात राहिले. मशीन त्यांनी डब्याबरोबरच आमच्या माळ्यावर आणून ठेवलं होतं, म्हणून वाचलं.

दिवाळीनंतर शकुमावशी परत आली, ती घरी न जाता आधी आमच्या अंगणात. मी बाळाला घेऊन अजून माहेरीच होते. चाचा तिथंच कंदील दुरुस्त करत बसले होते.

“इनायतभाई, आता दाखवा.” ती खाली बसली. “मला तिचं तोंड ध्यानात येईना झालंय. डोळे मिटले की तिचा परकर दिसतो, हात दिसतेत. तोंडाच्या जागी काईच न्हाई. मी कशी माय?”

दुसऱ्या दिवशी वडिलांनी पेव उघडलं. आतली कोंडलेली हवा जीव घेते, म्हणून तोंड मोकळं करून तासभर थांबावं लागतं. मग दोरीनं कंदील सोडला, तो विझला नाही तेव्हा गडी उतरला. डबा वर आला तोच गरम. पेवातली ज्वारी आतल्या आत उबते, वाफ धरते. हे मला लहानपणापासून ठाऊक होतं. धान्याला ती ऊब मानवते, फिल्मला नाही, एवढंच मला सुचलं नव्हतं.

झाकण काढताच आंबूस उग्र वास आला. आत रीळ नव्हतंच, काळपट गुळासारखा गोळा होता. चाचांनी तो मांडीवर घेतला आणि नखांनी उकलत बसले. मी समोर बसून रडत होते. दुपारी गाभ्याजवळचा चार हातांचा तुकडा तेवढा सुटा निघाला. तो उजेडाला धरून त्यांनी पाहिला आणि माझ्याकडे वळले. “याच्यात पेमा न्हाई, बेटी. एकटी तू हायेस.”

“आता?”

“आता काय? जे हाय ते सांगतो त्यांना.”

पण मावशी येऊन बसली होती. न्हालेली, धुतलेलं लुगडं नेसलेली. चाचा म्हणाले, “शकुबाई, माझ्या हातून घात झाला. रीळ गेलं. एवढासा तुकडा राहिला, पन त्याच्यात...”

“एवढा तर एवढा,” ती म्हणाली. “लावा.”

मला वाटतं, त्या दिवशी जगातला कुठलाच माणूस ते वाक्य पुरं करू शकला नसता. खोलीचं दार लावलं. दाराच्या भोकातून वडिलांनी बाहेरून आरशानं उन्हाची तिरीप मशीनवर पाडली. चाचांनी दांडा फिरवला. भिंतीवर डाग पडलेली, पुसट अशी एक पोरगी ओढ्यातून धावत आली, थांबली, आमच्याकडे वळून हसली आणि संपली.

“पेमा,” मावशी म्हणाली.

आम्ही दोघंही गप्प बसलो.

“पुन्हा लावा.” चाचांनी पुन्हा लावलं. मग तिसऱ्यांदा. चौथ्यांदा तुकडा तटकन तुटला. तोवर मावशीचा चेहरा असा उजळला होता की मला तिच्याकडे बघवेना. “हसली की उजव्या गालाला खळी पडत व्हती,” ती माझा हात धरून म्हणाली. “मी इसरलेच व्हते बघ, मंजुळा.”

पेमाला खळी नव्हती.

तो तुटका तुकडा मावशीनं पदरात बांधून नेला. चाचा पुढच्याच उन्हाळ्यात गेले. जाण्याआधी एकदा मला म्हणाले, “मी झूट बोललो न्हाई बेटी. पन खरंबी बोललो न्हाई.” मी त्यांना म्हटलं, पाप असलं तर माझंही अर्धं.

शकुमावशी त्यानंतर अकरा वर्षं जगली. मी माहेरी आले की ती काठी टेकत भेटायला यायची, माझ्या लेकरांशी खेळायची, गमतीचं काहीबाही बोलायची. त्या अकरा वर्षांत मी तिच्यासमोर एकदाही हसले नाही.