सरळ पिंपळ

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, पल्लवीला नाही, अक्काला तर नाहीच. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून तुम्हाला सांगते आहे. ओळखीच्या माणसासमोर माझं तोंड उघडत नाही, हे आधीच कबूल केलेलं बरं.

नांदेडला माझ्या घराच्या हॉलमध्ये मी रविवारी क्लास घेते. चित्रवह्या, हाताने केलेली कार्डं, शाई आणि जलरंगाचे खेळ. बँकेतल्या बायका येतात, शिक्षिका येतात, दातांच्या एक डॉक्टरही येतात. पहिल्या दिवशी सगळ्यांचे हात आखडलेले असतात. मग मी कागद ओला करून त्यावर रंग सोडते, ओल्या रंगावर खडेमीठ टाकते. मीठ पाणी ओढून घेतं आणि वाळल्यावर तिथे चांदण्या उमटतात. बायका लहान मुलींसारख्या हसतात. रंग अर्धवट वाळला असताना त्यात पाण्याचा थेंब पडला, तर तो रंगाला बाजूला ढकलतो आणि कातरलेल्या कडेचं एक फिकट फूल तयार होतं. कुणीतरी घाबरून म्हणतंच — मॅडम, डाग पडला. मी म्हणते, इथे डाग म्हणून काही नसतं, पाण्याला त्याचं काम करू द्या. हे मी इतक्या वेळा म्हटलंय की बायका आता माझ्या आधीच म्हणून मोकळ्या होतात. ऐकायला किती छान वाटतं, नाही?

अक्का माझी थोरली बहीण. जन्मभर सरकारी दवाखान्यात नर्स होती. तान्ह्या लेकराची शीर तिला पहिल्या झटक्यात सापडायची. दाजी तर आधीच गेले होते. निवृत्त झाली आणि वर्षाच्या आतच अक्काला लकवा मारला. उजवा हात गेला, तोंडाची उजवी बाजू ओघळली. तिची मुलगी पल्लवी लातूरला नोकरीला, दिवसभर घराबाहेर. म्हणून अक्का माझ्याकडे नांदेडला आली, व्यायामाच्या उपचारासाठी. व्यायाम शिकवणाऱ्या बाईंनी सांगितलं होतं, गाल फुगवा, फुंकर मारा, स्ट्रॉने पाणी प्या. मी म्हटलं, नुसती हवा कशाला फुंकायची? आणि तिच्यासमोर कागद चिकटवलेला पाट ठेवला, कागदावर शाईचा जाड थेंब टाकला, हातात स्ट्रॉ दिली. ही कल्पना माझीच. त्याचा मला तेव्हा केवढा अभिमान वाटला होता!

शाईच्या थेंबाला स्ट्रॉने फुंकलं की शाई पळते, फाटे फुटतात, झाड तयार होतं. क्लासमध्ये पहिल्याच दिवशी शिकवतो आम्ही हे. पण अक्काचे ओठ उजवीकडे मिटत नव्हते. ती स्ट्रॉ डाव्या कोपऱ्यात घट्ट धरायची, आणि तिची शाई कायम उजवीकडेच पळायची. झाड वाऱ्यात सापडल्यासारखं एका बाजूला कललेलं. मग डावा अंगठा हिरव्या रंगात बुडवून ती दोन तिरपे ठसे खाली जुळवायची. ते झालं पिंपळाचं पान. शेवटी ब्रशने त्याला टोक काढायची. एकदा ती अंगठ्याकडे बघून म्हणाली, "आजीचा अंगठाच उठायचा कागदावर. मी सही शिकले, नोकरी केली, अन् फिरून अंगठ्यावरच आले बघ." आणि अर्ध्या तोंडाने पोटभर हसली.

पल्लवीचं लग्न ठरलं तेव्हा पत्रिका छापायला दिल्याच होत्या. पण अक्का म्हणाली, जवळच्या माणसांना आणि विहीणबाईंकडच्या थोरांना पत्रिकेसोबत एकेक पिंपळाचं कार्ड द्यायचं, तिने केलेलं. "लेकीच्या लग्नात माझ्या हातचं काईतरी पायजे ना." तिला हळद लावता येणार नव्हती, साड्यांच्या घड्या घालता येत नव्हत्या, एक लाडूसुद्धा वळता येत नव्हता. तिच्या हातचं म्हणून दुसरं काही उरलंच नव्हतं. ती रोज सकाळी पाटासमोर बसू लागली. निळं आकाश, त्यावर शाईचं झाड, झाडावर अंगठ्याची पानं. दमली की थांबायची, घाम पुसायची, पुन्हा स्ट्रॉ तोंडात धरायची.

आता सांगते. सांगतेच.

कार्डं वाईट होती का? मी स्वतःला तसंच समजावलं होतं. झाड कललेलं आहे, पानं फिसकटली आहेत, वरपक्षाकडे सगळे शिकलेले लोक, हातात घेऊन बघणार. पण हे खरं नाही. कललेलं झाड सुंदर असतं हे मला कळत नव्हतं का? पोटापाण्याला मी दुसरं काय शिकवते?

खरं असं आहे, की फुंकताना अक्काच्या तोंडाच्या उजव्या कोपऱ्यातून लाळ गळायची. एखादा थेंब अर्धवट वाळलेल्या आकाशावर पडायचा, आणि तिथे एक फिकट फूल उमटायचं, कातरलेल्या कडेचं. तेच फूल. मी रविवारी बायकांना कौतुकाने दाखवते ना, अगदी तेच. कुणाला काही कळलं नसतं. ती फुलं कशाची आहेत हे फक्त मला माहीत होतं — आणि मला किळस येत होती.

लिहिला बाई एकदाचा तो शब्द.

माझ्या लहानपणी माझं वाहतं नाक तिने पदराने पुसलेलं आहे. गोवर निघाला तेव्हा माझी ओकारी तिने ओंजळीत धरली होती. आणि मी? क्लासच्या डॉक्टरबाई एकदा काही सामान न्यायला आल्या, तेव्हा अक्का फुंकत होती. मी घाईघाईने पुढे होऊन तिच्या हनुवटीखाली टिश्यू धरला. अक्काने टिश्यूकडे बघितलं, मग माझ्याकडे. काय झालं, म्हणून विचारलं. मी म्हटलं, काही नाही.

लातूरला कार्डं पोचवायचा जिम्मा माझा होता. जायच्या आदल्या आठवड्यात, अक्का माझ्या नवऱ्यासोबत व्यायामाला गेली की मी दुपारी जेवणाच्या टेबलावर बसायचे आणि नवी कार्डं करायचे. तोच कागद, तीच शाई. झाड सरळ, फांद्या दोन्हीकडे सारख्या. पानांना अंगठा माझा. आकाश एकसारखं निळं, त्यात एकही फूल नाही. अक्काच्याच खोक्यात मी ती भरली. आणि तिची? मी घरी हातकागदही बनवते. तिची कार्डं फाडली, टबात भिजत घातली, मिक्सरमधून काढली. राखाडी-निळा लगदा झाला. त्याचे कागद पुढे क्लासमध्ये वापरले गेले. काय छान रंग आलाय, असं कुणीतरी म्हणालंही. एक कार्ड तरी ठेवायचं होतंस, असं तुमच्या मनात आलं असेल. नाही ठेवलं.

लग्न लातूरच्या एका मंगल कार्यालयात झालं. अक्का पांढऱ्या साडीत पहिल्या रांगेत खुर्चीवर होती, मी तिच्यामागे उभी. बुद्धवंदना झाली, पुष्पहार झाले, लोक जेवायला उठले. तेवढ्यात विहीणबाई आल्या. त्यांनी पर्समधून कार्ड काढलं. म्हणाल्या, अहो, हे मी जपून ठेवलंय, अशा तब्येतीत एवढं सुरेख काम केलंत. बाई मनापासून बोलत होत्या. अक्काने डाव्या हातात कार्ड घेतलं.

ती ते कार्ड बघत राहिली. एका पानावर तिने आपला अंगठा टेकवून पाहिला. तिचा अंगठा रुंद आहे, तो पानाच्या बाहेर आला. मग मान वर करून विहीणबाईंना म्हणाली, "तुम्हाला आवडलं, बरं झालं." त्या समाधानाने जेवायला गेल्या. घाईत कार्ड अक्काच्याच हातात राहिलं.

"हे झाड सरळ हाय, माये," अक्का म्हणाली. आवाज अगदी नेहमीचा. तिने कार्ड उजेडाकडे तिरपं करून पाहिलं. "अन् थेंब बी न्हाई कुठं पडलेला."

तेव्हा बोलता आलं असतं. आमच्याजवळ कुणी नव्हतं. मी म्हटलं, अक्का, चल, जेवायला बसू.

तिने कार्ड माझ्याकडे दिलं आणि म्हणाली, "लई साफ काढलंस."

त्यानंतर तिने स्ट्रॉ हातात घेतली नाही. नांदेडलाही परत आली नाही. इथंच लातुरात सोय होईल म्हणाली, आणि पल्लवीच्या घराजवळ खोली घेतली. आमच्यात अबोला नाही. फोनवर ती माझ्या गुडघ्यांची चौकशी करते, क्लासला किती बायका येतात ते विचारते. मी तिच्या हाताची चौकशी करते. तोंडाबद्दल मी विचारत नाही.

गेल्या महिन्यात लातूरला गेले होते. पल्लवीने चहा केला. अक्काचा एकच हात चालतो, त्यामुळे कप आणि पदर एकदम धरता येत नाही. ती एक घोट घेते, कप खाली ठेवते, पदराने तोंड झाकते, मग पदर सोडून पुन्हा कप उचलते. चहा पार निवून गेला. पल्लवी बघत होती. मला निरोप द्यायला फाटकापर्यंत आली तेव्हा म्हणाली, "मावशी, आई आमच्यासमोर असं न्हाई करत. पाव्हण्यांसमोर बी न्हाई. तू आलीस की मगच पदर धरते. असं का?"

मी म्हणाले, काय माहीत गं, सवय असेल. मागे खिडकीत अक्का बसली होती. मी हात हलवला. तिने पदर सोडला, मला हात केला, आणि तोच हात पुन्हा पदराकडे नेला.