कडककाकांचं खारं पाणी

लॉन्ड्रीतली वाफ आता पुरे, फुप्फुसं ऐकत नाहीत, असं डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा कडककाकांनी ते शेजारच्या पेशंटबद्दल असावं अशा चेहऱ्याने ऐकून घेतलं. गल्लीत त्यांना कडककाका म्हणत. खळ घातलेल्या कॉलरींमुळे की स्वभावामुळे, हे विचारायची छाती कुणाची झाली नव्हती. दुकान मुलाच्या हाती देऊन ते घरी बसले. म्हणजे रोज सकाळी 'नुसती एक चक्कर' मारायला दुकानात गेले आणि दुपारपर्यंत तिथेच बसले. ही घडी वाकडी, तो डाग तसाच, गिऱ्हाइकाशी असं बोलतात का? शेवटी मुलाने जेवतानाच सांगून टाकलं.

"बाबा, ते नवं हॉटेल उघडतंय ना, तिथल्या लॉन्ड्रीसाठी मला विचारलंय. उघडेपर्यंत उत्तराला थांबतील. आपल्या दुकानात एक तर तुम्ही, नाही तर मी."

काकूंनी दोघांनाही भात वाढला. नवऱ्याची आणि मुलाची एकाच वेळी समजूत घालण्याचा उद्योग त्यांनी केव्हाच सोडला होता. पण दवाखान्यातली एक गोष्ट त्यांच्या डोक्यात राहिली होती. नंबर लागायची वाट बघताना काका तिथल्या खाऱ्या पाण्यातल्या माशांच्या टाकीसमोर बसले होते, आणि नाव पुकारलं तरी उठले नव्हते. टीपॉयवर मासिकं अस्ताव्यस्त पडली होती, तीसुद्धा त्यांनी सरळ केली नाहीत. उभ्या संसारात हे प्रथमच.

"अहो, आपण तशी टाकी घरात ठेवू या का?" काकूंनी विचारलं. काका नाही म्हणाले नाहीत, एवढ्यावर त्या त्यांना माशांच्या दुकानात घेऊन गेल्या.

दुकान एका बाईंचं होतं. कोपरापर्यंत ओले हात, कानामागे पेन्सिल. काकांनी आत शिरताच जंतू मारणारा दिवा उचलला.

"हा पहिला बांधा."

बाईंनी तो काढून परत फळीवर ठेवला. "तो नंतर. किंवा कधीच नाही. टाकी केवढी हवी?"

"छोटीच. शिकाऊ आहे मी."

"म्हणूनच मोठी घ्या. थोडं पाणी चटकन बिघडतं, जास्त पाणी तुम्हाला सावरायला वेळ देतं."

हे काकांना पटलं. एका बादलीत दहा कपडे कोंबणाऱ्यांचा त्यांना आयुष्यभर राग होता. मीठ घरात आहे म्हणाले, तर बाई म्हणाल्या, स्वयंपाकाचं मीठ वरणात घाला, इथे समुद्राचं वेगळं मिळतं. नळाचं पाणीही नाही. गाळलेलं, शुद्ध केलेलं लागेल. खारटपणा बघायचं भिंग, पाणी उबदार ठेवणारा हीटर आणि लाटेसारखं पाणी ढकलणारे दोन छोटे पंप. दिवा बेताचा, कारण पोवळी एवढ्यात पाळायची नव्हती. मग बाईंनी एक उभी नळी चालू करून दाखवली. तिच्यात पाण्याचा फेस होत होता आणि काळपट घाण घेऊन वरच्या कपात चढत होता.

"फेसाबरोबर मळ निघतो!" काका जवळजवळ ओरडलेच. "हे तर आमचंच काम."

"मोठ्यातला द्या," काकू हळूच म्हणाल्या.

शेवटी बाईंनी ओल्या कागदात गुंडाळलेले दगड दिले. "हे जिवंत दगड. आहेत तसे टाकीत ठेवा."

आता 'आहे तसं' हा शब्द ज्या माणसाच्या दुकानात कधी चालला नाही, त्याला कागद उलगडल्यावर काय दिसलं? शेवाळ, चिखल, वास आणि एक वळवळणारा किडा. काकांनी पांढरे कपडे उकळायचं मोठं पातेलं काढलं. दगड खळखळून उकळले, ब्रशने घासले, पुन्हा उकळले.

"बाईंनी हे सांगितलं होतं?" काकूंनी विचारलं.

"घाण तशीच ठेवा असं कुठला शहाणा माणूस सांगेल?"

टाकी अशी लखलखली की शेजारी बघून गेले. मग पाणी गढूळ झालं. मग वास सुटला. काका बाटलीत पाणी घेऊन माशांच्या दुकानात गेले. बाईंनी त्यात औषधाचे थेंब टाकले, तर पाणी गडद हिरवं झालं, म्हणजे पार नासलेलं.

"काका, दगडांचं काय केलंत?"

"काही नाही. स्वच्छ केले."

"कशाने?"

"उकळून."

बाई स्टुलावर बसल्या. "अहो, जिवंत म्हणाले होते मी!"

"दगड म्हणालात. दगड कसला जिवंत?"

"माशांची घाण खाणारे जीव त्यात होते. डोळ्यांना न दिसणारेही. तुम्ही सगळे सफाई कामगार उकळून मारलेत, आणि आता तेच त्यात कुजतायत."

 पांढऱ्यात लाल मोजा गेल्यावर नोकर जसे उभे राहत, तसे काका उभे होते. बाईंनी पुन्हा दगड दिले, स्वतःच्या टाकीतले, अधिकच घाणेरडे. "सगळं पाणी काढून नव्याने भरा. काचेवर तपकिरी थर येईल. येऊ दे, जाऊ दे. पुसलात तर माझ्याकडे यायचं नाही. मासे मी सांगेन तेव्हा."

थर आला. दिवाणखान्यात, पाहुण्यांच्या नजरेसमोर, चहा सांडल्यासारखा. काका फडकं हातात घेऊन उभे राहत, काकू ते काढून घेत. टाकी पुसता येईना, तेव्हा ते दुकानात जाऊन मुलाच्या कामावर सगळा राग काढू लागले. काकूंना वाटलं, यांना घरात रमवायचा आपला डाव आपल्यावरच उलटला. मुलाने हॉटेलसाठी नवा शर्टसुद्धा शिवून घेतला.

हॉटेल उघडायच्या आदल्या दिवशी काका चपला घालून निघाले, आणि टाकीपाशी थांबले. तपकिरी काचेवर एक वाकडीतिकडी स्वच्छ रेघ उमटली होती. रेघेच्या टोकाला मसुराच्या दाण्याएवढी गोगलगाय. कुणी विकत आणलेली नव्हती, दगडातून आपण होऊन आलेली. ती चरत चरत पुढे सरकत होती, तिला कसलीही घाई नव्हती. काकांनी खुर्ची ओढली. चपला पायातच राहिल्या.

ऊन खिडकीतून जमिनीवर आलं, तरी ते तिथेच. फोन वाजला. काकूंनी उचलून त्यांच्या कानाला लावला.

"बाबा, बरं आहे ना? आज आला नाहीत."

"कामात आहे."

"कसल्या?"

"गोगलगाय काच साफ करतेय. कोपरा सोडलाय तिने. पण करेल."

पलीकडे इस्त्रीच्या वाफेचा फुस्स आवाज झाला.

"म्हणजे... आज येत नाही तुम्ही?"

"आज नाही, उद्याही जमेलसं दिसत नाही."

"मग हॉटेलवाल्यांना नाही म्हणून कळवू?"

"ते तुझं तू ठरव," काका म्हणाले. "आणि ठेव आता, ती दगडामागे चाललीय."