तांबड्या दिव्यावरची पट्टी

आत्याच्या कमरेच्या पट्ट्यावरच्या दिव्याला काळी चिकटपट्टी मी लावली. तिच्याविषयी काहीही लिहिण्याआधी हे सांगणं भाग आहे. पुढं मी तिचं कौतुक करणार आहे, आणि ते करण्याचा अधिकार मला किती उरला आहे हे वाचणाऱ्यानं आधीच ठरवलेलं बरं.

सुभद्राआत्या मेडशीला राहायची. वडिलांची थोरली बहीण. मूलबाळ नव्हतं, नवरा लवकर गेला, आणि मी वाशीमला नोकरीला लागल्यापासून तिचं जवळचं माणूस म्हणजे मीच. तिची एक सवय साऱ्या गावाला ठाऊक होती. कशावरही भार टाकण्याआधी ती वस्तू हालवून पाहायची. एसटीत चढताना दाराचा दांडा दोनदा ओढायची, मगच पाय उचलायची. मागं माणसं खोळंबलेली. कंडक्टर ओरडायचा, "बुढे, गाडी उपटून घरी नेतं काय?" ती म्हणायची, "उपटंन असी असंन तं बसूच कायले तिच्यात?"

माझ्यासाठी मुलगी पाहायला गेलो तेव्हा यजमानांनी मोठ्या मानानं प्लास्टिकची खुर्ची पुढं केली. आत्यानं ती सगळ्यांदेखत हालवली, "हिचा एक पाय लुळा हाये" असं जाहीर केलं आणि सतरंजीवर जाऊन बसली. मी लाजेनं अर्धा झालो. थोड्या वेळानं मुलीचे मामा त्याच खुर्चीसकट आडवे झाले. परतताना ती एवढंच म्हणाली, "हालवून पाहाव दिल्या, मंग भार टाकाव. मानूस असो का खुर्ची."

माणसांनाही ती हालवून पाहायची, दोन तिरकस प्रश्न विचारून. मला मात्र तिनं कधी पारखलं नाही. मी हात पुढं केला की सरळ धरायची.

पंच्याहत्तरीच्या आसपास ती न्हाणीत घसरून पडली. हाड मोडलं नाही, पण धीर मोडला. काठी हातात आली आणि तरीही ती घराबाहेर पडेना. विहारात जाणं बंद झालं. दर रविवारी मी मेडशीची एसटी धरायचो आणि ती खाटेवर बसून विचारायची, "बाहेर काय चालू हाये गा?" जशी काही बाहेर म्हणजे दुसरा मुलूख.

तेव्हा मी तो पट्टा मागवला. कमरेला बांधायचा. माणूस पडतंय हे त्यातल्या यंत्राला कळतं, छोट्या नळकांडीतला वायू सुटतो आणि दोन्ही कुल्ह्यांवर हवेच्या उश्या फुगतात. पुढं एक बारीक दिवा. हिरवा असला की पट्टा तयार. तांबडा असला की वापरू नये.

आत्यानं पट्टा हातात घेऊन झटकला, ओढला, कानाशी नेला. "हे हालवून काई समजत नाही रे. कसं पाहाव याले?"

"पाहायचं काही नाही. पडलीस तर झेलेल तो."

"तू म्हनतं ना? मंग झालं."

रोज संध्याकाळी ती त्याला चार्जिंगला लावायची. त्याला ती जेवू घालणं म्हणायची. सकाळी हिरवा दिवा पाहून विचारायची, "उठला काय बापा?" शेजारच्या शोभाला हसू आवरायचं नाही. पण पट्टा बांधून, काठी टेकत, आत्या दारापर्यंत येऊ लागली. मग रस्त्यापर्यंत. आणि एका पौर्णिमेला, पांढरं लुगडं नेसून, थेट विहारात गेली. मीही सोबत होतो.

वंदनेसाठी सगळे खाली बसले. आत्याचे गुडघे अर्ध्यातून पुढं वाकायचे नाहीत. उरलेल्या अंतरात ती अंग सोडून द्यायची आणि धपकन बसायची. आमच्याकडच्या म्हाताऱ्या बायका तशाच बसतात. पट्टा जिथं कुठं बनला असेल तिथं म्हातारी माणसं खुर्चीवर बसत असावीत. त्याला वाटलं, बाई पडली. फट्ट असा आवाज झाला आणि आत्या दोन्ही बाजूंनी फुगली. पुढच्या बाया किंचाळल्या, मग हशा पिकला. मला जमिनीत जावंसं वाटलं.

आत्या मात्र खुशीत येऊन स्वतःच्या कुल्ह्यांवर थापा मारत होती. "कायले हासता वं? जिमिनीले टेकाच्या आंदी झेललं मले माह्या भाच्यानं. तुमच्या पोट्ट्यायनं झेललं कधी तुमाले?"

तिच्या लेखी पट्टा हालवून पाहिला गेला होता आणि पक्का निघाला होता. परतताना तिनं काठी शोभाच्या सासूला देऊन टाकली. "घे माय. मले कायले दोन दोन?"

खरं असं होतं की त्या आवाजासरशी पट्टा संपला होता. नळकांडी एकदाच चालते. मी कंपनीला फोन केला. तिकडची मुलगी स्वच्छ शब्दांत म्हणाली, "नवी नळकांडी बसवेपर्यंत पट्टा वापरायला देऊ नका. आजींना सांगा." नळकांडी यायला वेळ लागणार होता.

मी आजींना सांगितलं नाही. उश्या घडी करून आत कोंबल्या. दिवा तांबडा लुकलुकत होता, त्याच्यावर वायरीची काळी पट्टी चिकटवली. "तिथून पाणी शिरतं आत्या, काढू नको," म्हणालो. ती म्हणाली, "बरं."

तेव्हा मी स्वतःला समजावलं की तिचा धीर टिकला पाहिजे. रिकामा आहे म्हटलं तर ती पुन्हा खाटेला चिकटेल. हे खोटं नव्हतं, पण पुरतं खरंही नव्हतं. ती हिंडू लागल्यापासून माझे रविवार मोकळे झाले होते. नळकांडी आली, ती ऑफिसच्या पत्त्यावर. मी ती ड्रॉवरमध्ये ठेवली. पुढच्या रविवारी नेऊ म्हटलं. त्या रविवारी पाहुणे आले. त्याच्या पुढच्या रविवारी काय होतं, ते मला आज आठवतही नाही.

आत्या गिरणीवरून दळण घेऊन येताना पायरीवर पडली. शोभा मागंच होती. अकोल्याच्या दवाखान्यात तिनं मला जे सांगितलं, ते मी विसरू शकत नाही. "दादा, बुढीनं हातई नाही टेकला. डबा छातीशी धरला आन आंग सोडून देल्लं. जसी गादीवर पडून राह्यली."

खुबा मोडला होता. ऑपरेशन झालं. भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला मी सांगत होतो, "पट्टा उघडलाच नाही. कंपनीनं फसवलं." लोक हळहळले, कंपनीला शिव्या घातल्या. मीही घातल्या. ज्या मुलीनं मला बजावून सांगितलं होतं, तिच्या नावानं माझा आवाज सगळ्यात मोठा होता.

आत्या एकटीच त्या शिव्यांमध्ये सामील झाली नाही. ती म्हणाली, "त्याले कायले बोलता? मीच वाकडी पडली असीन. पौर्निमेले तं उघडला होता ना." वॉकर घेऊन घरी आल्यावरही तिचं तेच. आणि पट्ट्याला रोज जेवू घालणं तिनं सोडलं नव्हतं. पुढं ती गेली ती न्यूमोनियानं, पण वॉकर तिच्या हातातून शेवटपर्यंत सुटला नाही.

मी कदाचित आजही गप्प राहिलो असतो. पण ती वॉकर घेऊन घरी आल्यावर, एका दुपारी आम्ही दोघं तिच्या ओसरीवर बसलो होतो. शोभा आली आणि म्हणाली, "दादा, आमच्या बुढीसाठीई तसा पट्टा मागवून द्या ना. आत्याबाईच म्हनून राह्यल्या."

"घे वं," आत्या म्हणाली. "भरवशाचा हाये. पडाची रीत मलेच जमली नाही. तिले नीट शिकवू. आन मंग म्या देल्ली ते काठी नेऊन टाक कोनाले."

मी उठलो, खुंटीवरून पट्टा काढला आणि चिकटपट्टी सोलली. दुपारच्या उजेडातही तांबडा दिवा लुकलुकताना दिसला. शोभाला मी थांबायला सांगितलं आणि बोलत सुटलो. नळकांडी एकदाच चालते, यायला वेळ लागला, ऑफिसात काम फार होतं, तुझा धीर खचू नये असा हेतू होता. एखादा अर्ज वाचावा तसं बोललो.

आत्या दिव्याकडे पाहत होती.

"हा कवापासून तांबडा हाये?"

"पौर्णिमेपासून."

"आन तू त्याले झाकलं."

"हो."

"रिकामा हाये म्हनला असता दिल्या, तं म्या काठी सोडली नसती." आवाज चढला नव्हता. "पट्टा नसता तरी चाललं असतं. काठी होती ना माह्यापाशी. ते म्या तुह्या सबदावर देऊन टाकली. काहून केलं असं?"

मी पुन्हा हेतूवर आलो, तशी तिनं हात हालवून मला गप्प केलं. शोभा निघून गेली. आत्यानं वॉकर पुढं ओढला. तिला आत जायचं होतं. मी सवयीनं हात पुढं केला.

तिनं माझं मनगट धरलं. धरलं आणि ओढून पाहिलं. एकदा. पुन्हा एकदा. एसटीचा दांडा ओढायची तसं. मग हात सोडून दिला, दोन्ही हातांनी वॉकर पकडला आणि स्वतःच उठायला लागली. जमलं नाही. परत बसली.

मी तिच्या पायांशी जमिनीवर बसलो. वाशीमला आल्यापासून जी बोली मी तोंडात येऊ दिली नव्हती, तीच आली.

"आत्या, पट्टा रिकामा होता हे मले मालूम होतं. नळकांडी आल्यावरई म्या ते आनली नाही, ड्रावरात ठेवली. म्या तुह्यासंगं खोटं बोललो, आन मंग साऱ्यायसंगं बोललो. कंपनीची चूक नाही, तुह्यी तं नाहीच नाही. तू वाकडी नाही पडली आत्या. तू नीटच पडली. म्या झेललं नाही. मले माफ कर."